फुलाचा सेट

फोन चिमटाताईंनीच उचलला. वरच्या मजल्यावरून ऑपरेशन थिएटरची सिस्टर बोलत होती आणि नेहमीप्रमाणे घाईत होती.

"हाडांच्या डॉक्टरांचा मोठा सेट पाठवा हो. दुपारी एकची केस आहे."

"पाठवते. चांदणीचे दोन तयार आहेत."

"चांदणीचाही चालेल. पण डॉक्टर म्हणालेत, फुलाचा असला तर फुलाचाच द्या."

"बरं," म्हणून ताईंनी रिसीव्हर ठेवला आणि सवयीप्रमाणे स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. आज जरा जास्तच जोर लावून पुसला.

हॉस्पिटलच्या तळघरातली ही खोली. वर ऑपरेशनं होतात आणि तिथली रक्तानं माखलेली हत्यारं खाली येतात. दाराशी सिंकवर मामा ती ब्रशनं घासतात. मग आत टेबलाशी चौघीजणी एकेक कात्री, चिमटा, करवत, छिन्नी दिव्याखाली तपासून, मोजून, दुहेरी हिरव्या कापडात बांधतात. या गाठोड्याला इथं सेट म्हणायचं. सेटवर टेप चिकटवली की तो वाफेच्या मशीनमध्ये जातो, आणि टेपवरच्या फिकट रेघा आतल्या वाफेनं काळ्या होतात. रेघा काळ्या म्हणजे सेट शुद्ध. वर डॉक्टर तेवढंच बघतात आणि निर्धास्तपणे माणसाचं पोट उघडतात.

प्रत्येक टेपवर बांधणारीनं तारीख घालून आपली खूण करायची असा नियम होता. काही चुकलंच तर ते कोणाचं हे कळावं म्हणून. पण ताईंनी त्या खुणेची पदवी करून टाकली होती. बावीस वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी, त्यांनी पेनच्या पाच फटक्यांत एक चांदणी काढली. तेव्हापासून वरून फोन आला की "चांदणीचा द्या" असाच यायचा. नवे डॉक्टर यायचे, जुने निवृत्त व्हायचे, चांदणी तिथल्या तिथं होती. मग तीन वर्षांपूर्वी नवी आली. "माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," असं म्हणून तिनं टेपवर पाच पाकळ्यांचं एक वेडंवाकडं फूल काढलं, आणि गेल्या काही महिन्यांपासून डॉक्टर लोक फुलं मागायला लागले होते.

"कोणाचा मागितला?" धाकटीनं टेबलाच्या पलीकडून विचारलं.

"मोठा सेट."

"ते कळलं हो. कोणाचा?"

ताईंनी समोरच्या कात्र्या पुन्हा मोजायला घेतल्या. त्यावरून टेबलाला जे कळायचं ते कळलं. थोरली मास्कच्या आत खुदकन हसली. थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. घरी दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, इथं मात्र एकाच टेबलावर कोपराला कोपर लावून बसायच्या.

"नवे, चहा तुझ्याकडून आज," थोरली म्हणाली.

"देते की! मामांना पण सांगा," नवी म्हणाली. हसताना तिची टोपी मागं सरकली आणि केसांची एक बट कपाळावर आली. ताईंनी ती बघितली. नवीनं ताबडतोब उठून, बाहेर जाऊन, टोपी नीट करून, हात धुऊन परत जागा घेतली; ते मात्र ताईंनी बघितलं नाही.

चिमटाताई हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नव्हतं. त्या दाराची कडी हातात टिश्यू धरून उघडायच्या. बिस्किटाचा पुडा समोर आला तर आधी पुडा न्याहाळायच्या, मग पुढं करणाऱ्याची नखं. एकदा कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक त्यांनी खरोखरच चिमट्यानं उचलून घेतला, आणि नाव पक्कं झालं. त्यांना ते मनातून आवडायचं. चारचौघींत मिसळलेल्या माणसाला कोणी असं नाव ठेवत नाही, असं त्या स्वतःला सांगायच्या.

बाहेरच्या कोपऱ्यात चहाची जागा होती. भिंतीवर पाच खिळे आणि पाच कप. कोणता कप कोणाचा हे ठरलेलं नव्हतं, हाताला येईल तो घ्यायचा, पिऊन झाला की विसळून कुठल्याही खिळ्याला लावायचा. कपांच्या आत चहाचा तपकिरी रंग कायमचा बसला होता. ताईंचा कप वेगळ्या फळीवर होता. स्टीलचा, झाकणाचा, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला. त्या चहा तिथंच उभ्यानं प्यायच्या, तोंड फळीकडे करून. मागं चाललेल्या गप्पा ऐकू यायच्या, पण त्यात कोणी त्यांना ओढायचं नाही. बावीस वर्षांत याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. तीन वर्षांपासून वाटायला लागलं होतं, कारण तीन वर्षांपासून त्या गप्पांना रंगत आली होती.

नवी कोणाच्याही कपातून प्यायची. थोरलीच्या डब्यात बोट घालून भाजी चाखायची. ट्रॉलीवाल्या मावशी सेट न्यायला आल्या की त्यांना बसवून घ्यायची, वरच्या मजल्यावरच्या सगळ्या भानगडी विचारायची, आणि मावशी तिच्या पाठीत धपाटा घालून सांगायच्या. अशा बाईच्या हातचा सेट स्वच्छ कसा असेल? हा प्रश्न ताईंना रात्रंदिवस छळत होता. जी बाई दुसऱ्याच्या उष्ट्या चमच्यानं साखर ढवळते तिच्या करवतीच्या दातात रक्त राहणारच. राहायलाच हवं. नाहीतर आपण बावीस वर्षं जे केलं ते कशासाठी?

सरळ सांगायचं तर ताई जळत होत्या. आणि जळणाऱ्या माणसाला पुरावा लागतो. गेल्या तीन महिन्यांत चार वेळा त्यांनी नवीचा सेट मशीनमध्ये जायच्या आधी गुपचूप सोडून तपासला होता. भिंग घेऊन, बिजागरी न् बिजागरी. चारही वेळा काही सापडलं नव्हतं. मशीनआधी सेट उघडला तर बिघडत काही नाही, पुन्हा बांधायचा आणि पुढं सरकवायचा. चोरी होती, पण धोका नव्हता.

आज मात्र नवीचे सगळे सेट सकाळीच मशीनमधून निघून कपाटात लागले होते. रेघा काळ्याभोर.

अकराला सगळे चहाला बाहेर गेले. ताई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं." कपाटातला फुलाचा मोठा सेट त्यांनी काढला, आपल्या टेबलावर ठेवला, हात धुतले, नवे हातमोजे चढवले आणि टेप नखानं हळूहळू उचलली. फाटू दिली नाही. शुद्ध झालेला सेट टेबलावर उघडायचा म्हणजे तो त्या क्षणी अशुद्ध झाला, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. गेल्या वीस वर्षांत या खोलीत आलेल्या प्रत्येकीला ते त्यांनीच शिकवलं होतं. पण त्यांच्या कानात एकच वाक्य घुमत होतं. फुलाचा असला तर फुलाचाच द्या. आपण बघू, वर चांदणीचा पाठवू, हा दुपारच्या मशीनमध्ये पुन्हा घालू, टेप तीच लावू, कोणाला कळणार आहे, असा त्यांनी हिशेब केला.

एकतीस हत्यारं. ताईंनी दिवा जवळ ओढला. कात्र्यांचे सांधे स्वच्छ. करवतीचे दात स्वच्छ. हातोडीची मूठ जिथं दांड्याला मिळते तिथं नेहमी काळं राहतं, तिथंही नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या मुठी डावीकडे होत्या. नियमानं त्या उजवीकडे हव्यात, म्हणजे हात सरळ मुठीवर पडतो. ताईंना इतका आनंद झाला की भिंग हातातून निसटलं. सापडली! रक्त नाही तर नाही, पण चूक ती चूक. त्यांनी एकतीसच्या एकतीस हत्यारं भराभर फिरवून मुठी उजवीकडे केल्या, मनातल्या मनात खोलीच्या इन्चार्ज बाईंना सांगायचं वाक्य जुळवलं, आणि सेट बांधून जुनी टेप अंगठ्यानं दाबून बसवली. रेघा काळ्याच होत्या. फूल होतं तसं होतं.

एवढ्यात इन्चार्ज बाईंची हाक आली. "ताई, हातमोज्यांची खोकी आलीत, जरा मोजून घेता का माझ्याबरोबर?"

सेट टेबलाच्या टोकाला सरकवून ताई गेल्या. खोकी चाळीस होती. दोन फाटलेली निघाली, त्यावर सामानवाल्याशी हुज्जत झाली. ताई परत आल्या तेव्हा टेबलाचं टोक रिकामं होतं.

"इथला सेट कुठं गेला?"

"गेला वर," नवी म्हणाली. "मावशी ट्रॉली घेऊन आल्या होत्या. माझाच होता, तुमच्याकडं कसा राहिला कोण जाणे. मीच ठेवला ट्रॉलीवर."

घड्याळात एकला दहा कमी होते.

त्या धावल्या. पायात आतल्या निळ्या चपला होत्या, ज्या या खोलीच्या उंबऱ्याबाहेर कधीही न्यायच्या नाहीत असा त्यांचा स्वतःचा दंडक होता. त्याच चपलांनी त्या पॅसेजमधून, फरशी पुसणाऱ्याच्या बादलीला वळसा घालून, तीन जिने चढून गेल्या. लिफ्टचं त्यांना सुचलंही नाही. थिएटरच्या बाहेरच्या दारात सिस्टर हातात यादी घेऊन उभी होती, आणि काचेपलीकडं स्टीलच्या टेबलावर हिरवं गाठोडं दिसत होतं. अजून बांधलेलं.

"तो सेट उघडू नका!"

"काय झालं?"

"तो... तो मशीनमधून गेलेला नाही."

सिस्टरनं काचेतून बघितलं. "अहो, रेघा काळ्या आहेत की."

"टेप जुनी आहे."

सिस्टरनं डोळे मोठे केले. मग तिची नजर टेपच्या कोपऱ्याकडं गेली. "फूल. म्हणजे नवीनं जुनी टेप लावली?"

धापा टाकत ताई उभ्या होत्या. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. त्यांनी दाराची चौकट धरली आणि मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेचा अर्थ सिस्टरनं आपल्या परीनं काढला.

"बाप रे. तुम्ही होतात म्हणून. चांदणीचा पाठवा लगेच."

तेवढ्यात हे बोलणं ऐकून हाडांचे डॉक्टर आतून आले. कसलासा कागद सिस्टरनं पुढं केला आणि त्यांनी तो भिंतीला टेकवून सही केली. डाव्या हातानं. सही करता करताच ते ताईंकडं बघून म्हणाले, "तुम्ही चांदणी का? इतकी वर्षं ऐकतोय, आज भेटलात. छान काम केलंत."

बावीस वर्षांतली अकरा वर्षं ताई या माणसाचे सेट बांधत होत्या. तो डावखुरा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. कसं असणार? त्या कधी वर आल्या नव्हत्या, आणि वरचं काही कोणी त्यांना सांगत नव्हतं. नवीला मावशींनी सांगितलं असणार, उष्ट्या कपातला चहा पिता पिता.

खाली बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती. इन्चार्ज बाईंनी नवीला समोर उभं केलं होतं आणि बाकीचे भोवती होते.

"जुनी टेप लावलीस तू?"

"मला आठवत नाही हो," नवी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी नवीच लावते नेहमी. पण सकाळी गप्पा चालल्या होत्या... लावली असेन का हो मी?"

"मशीन मी भरलं होतं," मामा मध्येच म्हणाले. "राहिला असेल एखादा बाहेर माझ्याकडून. माझं नाव लिहा."

"टेपचा रोल मी दिलेला तिला," थोरली म्हणाली.

"आणि बोलत मी बसवलं तिला," धाकटी म्हणाली.

"सगळ्यांची एकदम नावं लिहू का?" इन्चार्ज बाई चिडल्या. "गाणं म्हणताय का कोरसमध्ये? टेपवर फूल आहे. खूण कशासाठी असते?"

ताई दारात उभ्या होत्या. आपल्यावर असं काही आलं असतं तर कोण पुढं झालं असतं, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. त्याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, आणि त्यामुळे त्या गप्पच राहिल्या. तेवढ्यात नवीनं त्यांना पाहिलं आणि ती सरळ येऊन त्यांचे हात धरून रडायला लागली. हातांना हात लावलेला ताईंना चालत नसे, हे ती त्या क्षणी विसरली असावी.

"ताई, तुम्हीच पकडलंत ना? म्हणून तुमच्या टेबलावर होता तो. तुम्ही बाजूला काढून ठेवलेला, आणि मी मूर्खासारखं परत ट्रॉलीवर ठेवला. तो माणूस मेला असता हो ताई. तुमच्यामुळे वाचला."

सगळं कसं चपखल बसलं होतं. ताईंना एक अक्षरही बोलावं लागलं नाही.

नवीची खूण महिनाभर बंद झाली. तिच्या टेपवर नुसती तारीख, आणि तिचा प्रत्येक सेट ताईंनी तपासल्याशिवाय मशीनमध्ये जायचा नाही, असं इन्चार्ज बाईंनी फर्मावलं. संध्याकाळी निघताना ताई चपला बदलायला गेल्या, तर त्यांच्या निळ्या चपला धुऊन पालथ्या घालून ठेवलेल्या.

"बाहेर गेल्या होत्या ना," नवी म्हणाली. "तुम्हाला आवडलं नसतं म्हणून धुतल्या. साबणानं दोनदा."

घरी त्यांच्या नवऱ्यानं दार उघडलं. हा गरीब माणूस निवृत्त झाल्यापासून दिवसभर शेजाऱ्याकडं बसायचा, कारण तिथं सोफ्यावर पाय घेता येत.

"अगं, बरं नाही का?" त्यानं विचारलं.

"काय झालं?"

"पाय न धुता आत आलीस."

ताईंनी खाली बघितलं. लादीवर दारापासून सोफ्यापर्यंत त्यांची पावलं उमटली होती. त्या मुकाट्यानं फडकं आणायला गेल्या.

तरी पहिले दोन दिवस ताई सुखात होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, "चांदणीचाच द्या." तिसऱ्या दिवशी आणखी दोन आले. ताईंनी रिसीव्हर हळुवार हातानं पुसला. टेबलावर आता गप्पा नव्हत्या, सगळ्या माना खाली घालून काम करत होत्या. खोली अशी असावी, असं त्यांना बावीस वर्षं वाटत आलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी डब्याचं झाकण उघडून म्हणाली, "नवे, घे ना भाजी."

"नको," नवी म्हणाली. "हात धुतलेत."

"मग पुन्हा धू."

"नको गं."

ताईंनी तिच्या हातांकडं बघितलं. बोटांच्या पेरांवर कातडी फुटली होती आणि एका ठिकाणी रक्ताची बारीक रेघ होती. दिवसातून चाळीस वेळा हात धुतले की असं होतं. ताईंच्या हातांचं नोकरीच्या पहिल्या वर्षी असंच झालं होतं. तेव्हा त्यांच्याही हातून एक कात्री कमी गेली होती आणि भरल्या खोलीत त्यांना बोलणी बसली होती. त्यानंतर त्यांनी आपला कप वेगळा केला. हे त्या इतकी वर्षं विसरून गेल्या होत्या.

चौथ्या दिवशी अकरा वाजता ताई चहाला फळीकडं गेल्या, तर त्यांच्या कपाशेजारी दुसरा एक कप होता. स्टीलचा, झाकणाचा, कोरा करकरीत. दुकानाची चिठ्ठी अजून तळाला चिकटलेली.

"इथं ठेवला तर चालेल ना ताई?" नवी मागून म्हणाली. टोपीतून एकही केस बाहेर नव्हता. "मी ठरवलंय. आता तुमच्यासारखंच करायचं. ह्यांच्यात राहिलं की माझं लक्ष उडतं. तुमचा कोणाशी संबंध नाही म्हणून तुमची चूक होत नाही."

मागं मामा कपात चहा ओतत होते. त्यांचा हात थांबला.

"आणि ताई, आजचे माझे सेट नुसते वरून नका बघू. उघडून बघा ना एकेक. तुम्ही उघडून बघितलंत की मला बरं वाटेल."

ताईंच्या हातातलं झाकण फळीवर पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. तीन वर्षं त्यांना या पोरीचं सगळं हवं होतं. तिचं फूल हवं होतं, तिच्या भोवतीची माणसं हवी होती, तिच्या पाठीत बसणारे मावशींचे धपाटेसुद्धा हवे होते. आणि आता तीच पोर सगळं खाली ठेवून त्यांचा एकटेपणा मागायला आली होती. वर तो तिला शहाणपणा वाटत होता. ताईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मी उघडला होता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुझा सेट. त्या दिवशी. कपाटातून काढून मी उघडला. मशीनमधून झालेला. टेप तुझी नवीच होती, तीच मी परत लावली. दुपारी पुन्हा मशीनमध्ये घालणार होते. तेवढ्यात बाईंनी बोलावलं."

सिंकचा नळ तेवढा गळत होता.

"का उघडलात?" नवीनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

"घाण सापडते का बघायला."

"सापडली?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. याच्या आधी चारदा बघितलं. तेव्हाही नाही." ताईंनी फळीवरचं झाकण उचललं. "मुठी डावीकडे होत्या. मला वाटलं, चूक आहे. मी फिरवून ठेवल्या."

"डॉक्टर डावखुरे आहेत, ताई."

"आता कळलं."

"मग तेव्हा का नाही बोललात? मी रडत होते. तुमचे हात धरून रडत होते मी."

याला ताईंकडं उत्तर होतं, पण ते तोंडावर आणण्यासारखं नव्हतं. तरी त्यांनी आणलं. "मला बरं वाटत होतं," त्या म्हणाल्या.

"छी," थोरली म्हणाली. एवढंच. बावीस वर्षांत ज्या बाईच्या जवळपास कोणी हा शब्द उच्चारायला धजलं नव्हतं, तिच्यापुढं तो आता येऊन पडला होता. ताईंनी तो निमूटपणे घेतला.

इन्चार्ज बाईंकडं त्या स्वतःच गेल्या आणि सगळं लिहून दिलं. बाईंनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाचं असतं तर मी तुम्हाला बोलावून विचारलं असतं, काय करू म्हणून. आता तुमचं तुम्हीच सांगा."

"खूण काढून घ्या," ताई म्हणाल्या. "आणि मला सिंकवर द्या."

"निवृत्तीला किती राहिलं?"

"चार वर्षं."

"टेबलावर परत येता येणार नाही मग."

"हो."

बाईंनी सही केली. बाहेर येऊन ताईंनी आपला भिंगाचा दिवा टेबलावरून काढला, वायर गुंडाळली आणि नवीच्या जागेवर ठेवला. नवीनं वर बघितलं नाही. पण दिवा सरकवलाही नाही. तिच्यासमोरच्या टेपवर फूल काढलेलं होतं, चार दिवस सवय मोडल्यामुळे पहिल्याहून वाकडं.

दुपारभर ताई मामांच्या शेजारी उभ्या राहून रक्त धूत होत्या. मामा एकदाच म्हणाले, "ब्रश असा उलटा धरा, शिंतोडे अंगावर येत नाहीत." ताईंनी ब्रश उलटा धरला.

चहाच्या वेळी सगळ्या बाहेर आल्या. आधी सगळ्या आपापला कप घेऊन बसल्या. मग ट्रॉलीवाल्या मावशी आल्या, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, त्यांनी आल्या आल्या नवीच्या पाठीत धपाटा घातला आणि वरची कसलीशी भानगड सांगायला लागल्या. धाकटी हसली. थोडं थांबून नवीही हसली. ती उठून फळीपाशी आली, ताईंच्या बाजूला उभी राहिली, आपला स्टीलचा कप उचलला आणि परत गेली. तो टांगायला सहावा खिळा नव्हता, म्हणून मामांनी सांडशीच्या मुठीनं एक ठोकून दिला.

कोणी ताईंना हाक मारली नाही. त्यांनीही ती अपेक्षा केली नव्हती. त्या आपल्या जागी उभ्यानं चहा प्यायल्या, कप विसळला, फडक्यानं कोरडा केला, झाकण लावलं. मग नेहमीप्रमाणे फळी पुसायला घेतली. त्यांच्या कपाच्या शेजारी दुसऱ्या कपाच्या तळाचं एक गोल ओलं वळं उमटलेलं होतं. फडकं तिथपर्यंत आलं आणि थांबलं. ताईंनी त्याच्या भोवतीनं पुसून घेतलं, वळं तसंच ठेवलं, आणि त्या सिंककडं गेल्या.